विहिरीकडच्या दोन ओळी

द्राक्ष म्हणजे आजाऱ्याचं फळ, असंच मी लहानपणी समजत होते. माझं माहेर म्हसवडचं. तिकडे बाजरी पिकायची, तीही पावसाची मर्जी असेल तर. माझ्या आत्याला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा वडिलांनी स्टेशनाबाहेर द्राक्षांचा एक घड विकत घेतला आणि कागदात गुंडाळून छातीशी धरून नेला. आत्याने त्यातले चार मणी माझ्या हातावर ठेवले. मी ते एकदम खाल्ले नाहीत. म्हसवडला पोचेपर्यंत पुरवले.

लग्न होऊन मी पलूसजवळच्या या गावात आले. इकडे कृष्णेचं पाणी, काळी जमीन, ऊस. आमच्या मालकांनी, लालासाहेबांनी, विहिरीजवळच्या रानात द्राक्षाच्या काड्या लावल्या तेव्हा शेजारचे नाथाजी भावजी बांधावर उभे राहून म्हणाले होते, "लाला, आजारी पडायच्या आधीच फळं लावतोयस व्हय रं? लांबचा इचार केलास गड्या!" पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच बाग लावली. मग ह्यांनी तोच टोमणा त्यांना व्याजासकट परत केला.

ती पहिली बाग कधीच गेली. तिच्या जागी दुसरी आली, दुसरीच्या जागी ही तिसरी. ही खऱ्या अर्थाने माझ्या सुनेची, राजेश्वरीची बाग. माझा मुलगा जयराज फौजेत. बाग लावली त्या वर्षी तो सीमेवर होता आणि राजेश्वरीला चौथा महिना चालू होता. तरी बत्तीस ओळींचे खड्डे तिने उभं राहून घेतले, प्रत्येक रोप स्वतःच्या हाताने लावलं. सासरा बांधावरून सांगायचा, सून करायची. अकरा वर्षं असंच चाललं होतं. गावात कुणी विचारलं, की बाग कुणाची, तर हे म्हणायचे, "माजी फकस्त काठी. बाग तिची."

आमच्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एकदा पाडव्याच्या सुमारास आणि एकदा दसऱ्याच्या आसपास. पाडव्यानंतर ज्या नव्या काड्या फुटतात त्यांच्यावर लगेच फळ येत नाही. पण पुढच्या माघात जो घड दिसायचा, तो मे महिन्याच्या उन्हात त्याच काडीच्या डोळ्यात धरलेला असतो. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला बारीक फुगीर कोंब. वरून बघून आत काय आहे ते कळत नाही. ऊन मिळालं तर घड, नाही मिळालं तर नुसती बाळी. बाळी म्हणजे तारेला धरून चढायचा वेलीचा तंतू. तिला फळ नसतं.

गेल्या वर्षीचा पाडवा होऊन तीन आठवडे झाले होते. काड्या हातभर वाढल्या होत्या. दुपारी चारला मिरजेच्या बाजूने आभाळ भरून आलं. वळीव येणार म्हणून मी वाळत घातलेल्या कुरडया आत घेतल्या. तेवढ्यात वारा सुटला. असा वारा मी सत्तर वर्षांत दोनदाच पाहिला आहे. आधी गोठ्याचा पत्रा गेला. मग गारा. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. अर्धा तास. दारातलं कडुलिंबाचं झाड बघता बघता उघडं पडलं, नुसत्या फांद्या राहिल्या. हे उंबऱ्यात उभे होते. मी हाताला धरून आत ओढलं तर म्हणाले, "सोड. ऐकू दे मला."

बागेच्या बाजूने तारा तुटल्याचे आवाज येत होते. एकेक तार तुटताना तंबोऱ्याची तुटावी तशी वाजत होती. ते ऐकत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात गेलो. मांडव एका अंगावर निजला होता. कोवळ्या काड्या मोडून, सालीला लोंबत होत्या. उरल्या त्यांच्यावर गारांचे घाव, कुऱ्हाडीने टवके काढावेत तसे. राजेश्वरी ओळीतून चालत टोकापर्यंत गेली आणि तिकडेच पाठ करून उभी राहिली.

ह्यांना बांधावर खुर्ची टाकून दिली. नाथाजी भावजीही आले. त्यांच्या बागेचाही निम्मा भाग गेला होता, पण गप्प बसायचा त्यांचा स्वभाव नाही. म्हणाले, "लाला, औंदा फ्रीज घ्यायचा म्हणत हुतास. देवानं बरफ दारात आणून टाकला बघ."

"बरफ टाकला त्यो टाकला," हे म्हणाले, "वर तुला पाठीवलं."

मग काठी उचलून त्यांनी सुनेला हाक मारली. "राजेश्वरी, मांडवाचं मागनं बघू. आधी कात्री आण. मोडलेलं समदं काढून टाक, खाली दोन चांगलं डोळं राख. आजपास्नं फुटलं तर मे महिन्याचं ऊन गावतंय. पंधरा दिस गेलं तर ढगं येत्यात, मग काड्या मोकळ्या ऱ्हात्यात. पाला ईल, घड न्हाई याचा."

ती विहिरीच्या बाजूने सुरू झाली. बाया मिळाल्या नाहीत, सगळ्यांच्याच घरावरचे पत्रे उडाले होते. दिवस बुडेपर्यंत तिने एकटीने दोन ओळी काढल्या. हे शेवटपर्यंत खुर्चीवर बसून होते. संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "उद्या उजाडायला बायका बोलीव. नाथाच्या बी माणसांस्नी सांग. थांबायचं न्हाई."

"न्हाई थांबत मामा," ती म्हणाली.

पहाटे मी चहा घेऊन गेले तेव्हा ते गेलेले होते. हात उशाशी, झोपेत कूस बदलावी तसे.

जयराज दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. माती झाली. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करून माणसं परतली आणि नाथाजी भावजी अंगणात आले. मागे आठ बाया, प्रत्येकीच्या हातात कात्री. टोपी काढून ते खालीच बसले.

"वहिनी," म्हणाले, "तुमास्नी सुतक हाय, आमास्नी न्हाई. तुमी घरातनं हलू नका. आमी बागंत जातो. लालाचं बोलणं मी माज्या कानानं ऐकलंय. चार दिसात समदं उरकतो."

आज वाटतं, त्या वेळी जिभेला काटा टोचायला हवा होता.

मी म्हणाले, "भावजी, घरातला कर्ता माणूस गेलाय. त्येची राख अजून पाण्यात इरघळली नसंल. आन त्येच्याच बागंत कात्र्या वाजणार? दहावा न्हाई, तेरावा न्हाई. लोक काय म्हणतील?"

"लोकाचं काय वहिनी. लोक दोन्हीकडनं बोलत्यात."

"माज्या घरात हे चालायचं न्हाई."

राजेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हळूच म्हणाली, "आत्ती, मामांनीच सांगितलं हुतं वो."

"मामा हायत का आता सांगाय?" मी म्हणाले.

ती आत गेली. भावजींनी टोपी घातली. बाया एकमेकींकडे बघत उठल्या. जयराज खाली मान घालून बसला होता. डोकं भादरलेलं, बापाच्या दुःखात. तो काही बोलला नाही आणि मीही त्याला विचारलं नाही.

मी असं का केलं ते सांगायला हवं. मी नऊ वर्षांची असताना माझे वडील गेले. आषाढ होता आणि दोन वर्षांनी माणदेशात पहिल्यांदाच चांगला पाऊस झाला होता. चौथ्या दिवशी वाफसा आला, जमीन पेरणीजोगी झाली. माझा चुलता अर्जुना सुतकातच पाभर घेऊन रानात गेला आणि बाजरी पेरून आला. ओढ्यावर बाया माझ्या आईला ऐकवून बोलल्या, "भावाची चिता इझायच्या आत पाभर धरली की गं ह्येनं!" आई घागर तिथेच टाकून रडत घरी आली. पुढे जन्मभर ती अर्जुनाकाकांशी धड बोलली नाही. ती घागर, तो ओढा, त्या बायकांची तोंडं मला आजही दिसतात. माझ्या घरातलं कुणी गेलं तर असं बोलणं कुणाला बोलू द्यायचं नाही, हे मी त्या दिवशीच गाठ मारून ठेवलं होतं.

म्हणून बाग तेरा दिवस तशीच पडून राहिली. आम्ही घरात बसून होतो. भाऊबंदांकडचं कडूगोडाचं जेवण झालं, माणसं आली गेली. पडलेल्या मांडवात बुलबुलाने घरटं केलं. वेलींना सुतक नव्हतं. त्या जिथून सुचेल तिथून फुटल्या, मोडक्या काडीच्या टोकातून, घावाच्या शेजारून, बारीक, पिवळट. नाथाजी भावजींच्या बागेत मात्र तेव्हाच सगळं काढून झालं होतं आणि तिथे जोमदार हिरवं फुटत होतं. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे बघितलं की फरक दिसायचा. मी तिकडे बघत नव्हते.

चौदाव्या दिवशी राजेश्वरीने बाया बोलावल्या आणि तीस ओळी छाटल्या.

जयराजची सुट्टी संपली. निघायच्या आदल्या दिवशी त्याने बायकोला माझ्यासमोरच सांगितलं, "राजी, बाबा हुतं तवर ठीक. आता तू एकटी. ऊस लावू. ऊसाला कुणी बसून बघाय लागत न्हाई."

"मी बघते की," ती म्हणाली. "अकरा वर्सं कोण बघत हुतं?"

"बाबा बघत हुतं."

"मामा खुर्चीवर बसून बघत हुतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण जयराजने माझ्याकडे पाहिलं. तिला इतकं बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "दसऱ्याच्या आधी काड्या तपासून घे. घड निघालं तर बाग ठेवू. मोकळ्या निघाल्या तर कुऱ्हाड. मग रडायचं न्हाई."

ती हो म्हणाली. रडणार नाही असं मात्र म्हणाली नाही.

आणि मग बागेने आम्हाला फसवलं. जून गेला, आषाढ लागला. दारातल्या लिंबाला असा पाला आला की जणू काही झालंच नव्हतं. बांधावरच्या सीताफळीला उशिरा का होईना फुलं लागली. बुलबुलाची पिल्लं उडून गेली. उभ्या केलेल्या मांडवावर वेल इतकी पसरली की खाली दुपारी अंधारून यायचं. काड्यांवरचे घाव भरून खरखरीत गाठी झाल्या. मी रोज सकाळी जाऊन त्या गाठींवरून बोट फिरवायचे. तीस ओळींमध्ये आणि विहिरीकडच्या दोन ओळींमध्ये मला काहीच फरक दिसत नव्हता. सगळं सारखंच हिरवं. मनात म्हणायचे, देवाने झाकलं. एकदा तसं बोललेही. राजेश्वरी म्हणाली, "पाला तर येतोच आत्ती."

भाद्रपदात तिने ओळीओळीतून काड्या कापल्या, दोन जुड्या केल्या. एक तीस ओळींची, एक विहिरीकडची. मीही स्कुटीवर तिच्या मागे बसून पलूसला गेले. एका दुकानाच्या माडीवर वरद नावाचा मुलगा काड्या तपासून देतो. शेतकीचं शिकलेला, चष्म्यातला. तो डोळा ब्लेडने उभा चिरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि कागदावर खूण करायचा.

आधी तीस ओळींची जुडी घेतली. एक डोळा, दुसरा, तिसरा. खूण होत होती, पण सगळ्या एकाच बाजूला. राजेश्वरी त्याच्या हाताकडे बघत होती. पंचवीस झाल्यावर त्याने चष्मा काढून पुसला.

"ताई, ह्या उशिरा फुटलेल्या काड्या आहेत का?"

"व्हय."

"ऊन नाही मिळालं ह्यांना. पंचविसात दोन घड आहेत, तेही बारीक. बाकी बाळ्या."

मग दुसरी जुडी घेतली. पहिलाच डोळा चिरला आणि तो म्हणाला, "आजी, बघायचंय?"

मी वाकून बघितलं. पहिल्यांदा नुसता उजेड दिसला. मग हिरवट पांढरा असा मोहरीहून लहान घड. त्याला खांदेसुद्धा होते, द्राक्षाच्या घडाला असतात तसे. पाच महिन्यांनी जे पिकायचं ते तिथे दुमडून बसलेलं होतं. गारा पडल्या, हे गेले, आम्ही घरात बसलो, त्या दिवसांत तो तिथे धरला गेला होता. पंचविसात अठरा निघाले.

परत येताना मी तिच्या खांद्याला धरून बसले होते. विटा फाट्याच्या पुढे म्हणाले, "बोल की मला कायतरी."

"काय बोलू आत्ती," ती पुढे बघत म्हणाली. "मीबी ऐकलंच की तुमचं."

घरी येऊन ती गोठ्यात गेली. मी चुलीपुढे बसले आणि बाजरीचं पीठ मळायला घेतलं. हाताखाली पीठ आलं आणि मला काय आठवलं ते सांगते. वडील गेले त्या वर्षीचा हिवाळा. त्यानंतर पेरणीजोगा पाऊस पुन्हा आलाच नव्हता. वाफशावर पेरलं त्यांचंच उगवलं. बाकीच्यांची रानं तशीच पडली. आमच्या घरात मात्र बाजरी होती. आई भाकरी थापायची आणि मी चुलीशी बसून गरम गरम खायचे. पोट भरून खाल्ल्याचं आठवतं. ती बाजरी कुठून आली, हे पासष्ट वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ओढ्यावरचं बोलणं मी जपून ठेवलं होतं आणि भाकरी खाऊन विसरले होते. मी माहेरी गेले की अर्जुनाकाका म्हातारपणी आमच्या दारावरून जाताना थांबायचे, मी पाणीसुद्धा दिलं नाही.

पिठात पाणी जास्त पडलं. पहिली भाकरी मोडली.

भाकऱ्या करून मी नातवाला जयराजचा फोन लावायला सांगितलं. राजेश्वरी म्हणाली, "मी सांगते त्येंस्नी."

"तू न्हाई. मी सांगते."

त्याला सगळं सांगितलं. पंचविसात दोन, आणि विहिरीकडे अठरा.

"त्या दोन वळी कुणी छाटल्या हुत्या?" त्याने विचारलं.

"तुज्या बायकोनं. तुजा बा जायच्या आदल्या दिशी."

"आन बाकीच्या?"

"बाकीच्या मी छाटू दिल्या न्हाईत. तू हुतास की तिथं. बागंची चूक न्हाई, जयराज. तिची बी न्हाई. कुऱ्हाड घालायची तर आधी माज्यावर घाल."

"आई, असं का बोलतीस."

"मग एक साल थांब."

तो म्हणाला, "मी बी बसलो हुतो अंगणात. मलाबी तोंड हुतं." आणि थोड्या वेळाने, "फोन तिला दे."

मी फोन दिला आणि बाहेर जाऊन बसले. ती काय बोलली ते ऐकलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण म्हणाली, "आत्ती, दसऱ्याला बाया सांगाय पायजेत. छाटणीचं बघू."

बाग राहिली. पण ते वर्ष सोसायचं होतंच. छाटणीनंतर तीस ओळी फुटल्या आणि जिथे घड यायचे तिथे बाळ्या आल्या. हिरव्या, लवचीक, हात पुढे करून तारेला गच्च धरणाऱ्या. बाळ्या खुडायचं काम मी मागून घेतलं. वाकावं लागत नाही, मांडव डोक्याएवढा आहे. सकाळी जायचे आणि एकेक ओळ करायचे. दुसरं काही करण्यासारखं तिथे नव्हतं. पलीकडे नाथाजी भावजींच्या बागेत पंचवीस माणसं घड विरळायला लागली होती, हसणं ऐकू यायचं. आमच्यात मी एकटी. भावजी एकदा बांधावर आले, माझ्या हातातल्या बाळ्यांकडे बघितलं. काहीतरी थट्टा करतील असं वाटलं, करावी असंही वाटलं. त्यांनी बांधाजवळची एक बाळी खुडली, माझ्या हातात दिली आणि परत गेले.

माघात विहिरीकडच्या दोन ओळी पिकल्या. राजेश्वरीने पहिला घड ह्यांच्या फोटोपुढे ठेवला. मग त्यातले मणी तोडून माझ्या हातावर दिले. गोड होते. आमच्या बागेतले, पण ह्यांना चाखायला मिळाले नाहीत असे मणी मी पहिल्यांदाच खात होते. दुसरा घड मी पदराखाली घेऊन भावजींकडे नेला. त्यांच्या स्वतःच्या बागेत ढीग पडला होता, तरी त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"लालाचा न्हवं?" म्हणाले.

"व्हय."

यंदा पाडवा झाला आणि पुन्हा छाटणी लागली. कात्री लागली की वेलीला पाणी सुटतं. कापल्या जागी थेंब धरतो आणि टपकत राहतो, दोन दिवस तरी. मी राजेश्वरीला म्हणाले, "एक सांगून ठेवते. मी अशा दिसात गेले, तर माती झाली की कात्र्या घेऊन बागंत जायचं. भावजींस्नी बोलवायचं. दहाव्याला मला निवद दाखीवला तरी चालंल."

"आवं आत्ती, सणासुदीचं काय बोलताय!"

"ऐकून घे."

ती एक काडी कापून पुढच्या काडीपाशी गेली. "मामाबी असंच सांगून गेलं हुतं," म्हणाली. "तुमी सांगाल, आन त्या टायमाला दुसरं कोनतरी म्हातारं आडवं यील."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. घरी आल्यावर मात्र कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर तेच चार ओळीत लिहिलं, खाली सही केली आणि कात्र्यांच्या डब्यात ठेवलं. दुपारी राजेश्वरी कात्री घ्यायला आली तेव्हा तिने डबा उघडला, कागद वाचला, घडी करून परत होता तसा ठेवला.

मग ती रानात गेली. मी तिच्या मागून गेले. विहिरीकडून सुरुवात झाली होती आणि कापलेल्या वेलींचं पाणी खालच्या मातीत पडत होतं.